गाड्या जातात टायगर पॉइंटला, पैसा राहावा कुरवंड्यात

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या रस्त्याला उभं राहावं. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. माणसं धबधब्यात भिजतात, टायगर पॉइंटला जाऊन ढग बघतात, कणीस खातात, भजी-चहा घेतात, परतताना चिक्कीचे डबे घेतात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात किंवा पुण्याकडे वळतात. त्या दिवसात त्यांनी खर्चलेल्या पैशातला किती पैसा कुरवंड्यासारख्या गावांच्या घरात मुक्कामाला राहतो? भज्यांचं बेसन आणि तेल बाहेरून आलेलं, पाण्याची बाटली कंपनीची, खेळणी कुठल्या तरी शहरातली. चिक्कीने लोणावळ्याचं नाव देशभर नेलं, तिच्यावर कित्येक घरं चालतात, याचा अभिमानच वाटतो. पण तिच्यातला शेंगदाणा नि गूळ मावळच्या शिवारातला नाही. मावळच्या शिवारात पिकतो तांदूळ, आणि नेमका तोच पाहुण्याच्या नजरेला पडत नाही.

कुरवंडे हे आजचं नव्हे, पूर्वीपासूनच वाटेवरचं गाव. कुरवंडे घाट उतरून कोकणात जायची जुनी वाट इथूनच. सह्याद्रीतल्या अशा घाटवाटांनी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं आणि देशावरचं धान्य खाली जायचं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि माल त्या वाटेने वळला. आता पाहुणे येतात ते नागफणी चढायला, टायगर पॉइंट बघायला. तिथे काचेचा स्कायवॉक उभारायची योजनाही सरकारने जाहीर केली आहे, म्हणजे गर्दी वाढायचीच. गर्दी आणायची काळजी या गावाला नाही. कमी आहे ती गावाच्या स्वतःच्या बाजाराची: ठरलेला वार, ठरलेली जागा, गावचाच माल. तो बाजार कसा उभा करायचा आणि त्याला उत्सवाची जोड कशी द्यायची, हे या लेखात एकेक पायरीने मांडलं आहे. गावातले बचत गट, तरुण मंडळं, ग्रामपंचायत सदस्य आणि शेतकरी यांनी तो एकत्र बसून वाचावा, अशी इच्छा आहे.

आधी पैशाची वाट बघा

गावात आलेला रुपया हा शेतात सोडलेल्या पाण्यासारखा असतो. बांध फुटका असेल तर पाणी कितीही सोडा, पीक भिजत नाही. पाहुण्याने शंभर रुपयांचं कंपनीचं पाकीट घेतलं, तर दुकानदाराकडे थोडे रुपये राहतात, बाकीचे त्याच दिवशी गावाबाहेर जातात. तेच शंभर रुपये त्याने गावातल्या बाईकडून नाचणीच्या पापडांना दिले, तर ती त्यातून शेजारच्या शेतकऱ्याची नाचणी घेते, गिरणीवाल्याला दळणाचे देते, मुलाच्या वह्या गावातल्या दुकानातून आणते. रुपया एकच, पण चार घरं फिरून येतो. आठवडी बाजाराची ताकद यातच आहे.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. एका रविवारी गावातल्या दोन-तीन मुलांनी रस्त्यावरच्या टपऱ्या, ठेले, हॉटेलं यांत काय काय विकलं जातं याची यादी करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे ‘गावातली’ की ‘बाहेरची’ एवढंच लिहावं. मग त्या बाहेरच्या वस्तूंतली कुठली आपल्याला गावात करता येईल, यावर बोट ठेवावं. बाजाराची सुरुवात या यादीतून होते.

आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे?

‘आमच्याकडे काय आहे विकायला?’ हा प्रश्न बहुतेक गावांत ऐकू येतो. वर्ष महिन्यामहिन्याने मांडलं की उत्तर सापडतं.

चैत्र-वैशाखात करवंदं, जांभळं, कैऱ्या, फणस. याच दिवसांत घरोघरी वाळवण घातलं जातं: तांदळाच्या कुरडया, पापड्या, नाचणीचे पापड, सांडगे. पहिल्या सरींबरोबर शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, बांबूचे कोंब, पुढे करटोली. गौरी-गणपतीला फुलं, पत्री, अळू. दिवाळीच्या पुढे नवा तांदूळ, नवे पोहे, नाचणी, वरई. थंडीत वाल-पावटा. शिवाय वर्षभर दूध-ताक, गावरान अंडी, मसाला, लोणची. बांबूच्या टोपल्या, सुपं, केरसुण्या करणारे हात अजून असतील, तर त्यांना बाजारात सर्वांत पुढची जागा द्या.

यातला तांदूळ हा मावळचा खरा मान. इंद्रायणी हे वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केलं आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपुढे आणलं. ज्या नदीचं नाव त्याला मिळालं ती मावळातून वाहते. पुण्याच्या घराघरांत इंद्रायणीचा मऊ भात शिजतो. म्हणजे या मालाची ओळख पटवून द्यावी लागत नाही. गिऱ्हाइकाला खात्री हवी असते ती एवढीच, की हा खरोखर मावळच्या खाचरातला आहे. ती खात्री शेतकऱ्याइतकी कोण देणार?

एका क्विंटलचा हिशेब

हिशेब करून बघू. भाव दरवर्षी बदलतात, म्हणून इथले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरवला. इंद्रायणीला जरा जास्त मिळतो असं मानून खळ्यावरचा भाव २६०० धरू. शेतकऱ्याने भात विकलं, २६०० रुपये हातात आले, विषय संपला.

आता तेच एक क्विंटल भात त्याने गिरणीवर भरडून आणलं. साधारण ६५ किलो तांदूळ निघाला असं धरू. त्यातला ५५ किलो अखंड आणि १० किलो कणी. अखंड तांदूळ ६५ रुपयांनी गेला तर ३५७५ रुपये, कणी ३० रुपयांनी गेली तर ३०० रुपये. एकूण ३८७५. भरडाई आणि पिशव्यांचा खर्च ४५० वजा केला की उरतात ३४२५. म्हणजे क्विंटलमागे ८२५ रुपये जास्त, आणि भरडताना निघालेला कोंडा गुरांसाठी घरात. दहा क्विंटल भात असलेल्या घरात ही रक्कम ८२५० होते. एका मुलाच्या वर्षभराच्या एसटी पासाचे आणि पुस्तकांचे पैसे त्यातून सुटू शकतात.

दोन गोष्टी मात्र पाळा. पिशवी एक, दोन आणि पाच किलोची ठेवा, कारण गाडीतून फिरायला आलेला माणूस पोतं उचलत नाही. आणि पिशवीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, कापणीचा हंगाम नि भरडल्याची तारीख लिहा. कणी वेगळी विका आणि तिच्या पिशवीवर ‘पेज, कण्या, घावन यांसाठी’ असं लिहा. ज्यांना कणी माहीत आहे ती माणसं ती शोधत असतात.

रानभाजी विकायची रीत

कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने, राज्यभर रानभाजी महोत्सव घेतो. त्यातून एक गोष्ट दिसते: शहरातला माणूस रानभाजी कुतूहलाने बघतो, पण घेत नाही, कारण तिचं काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून रानभाजीच्या गाळ्यावर भाजी आणि तिची कृती एकत्रच ठेवावी.

हा गाळा असा मांडा. पाटीत टाकळ्याच्या कोवळ्या पानांच्या जुड्या, शेजारी वाडग्यात शिजलेली भाजी, तांदळाच्या भाकरीचे छोटे तुकडे. भाकरीवर भाजी घालून आधी चव द्या, भाव नंतर सांगा. जुडीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधा: ‘पानं धुऊन चिरा, कांदा-लसूण परता, भाजी घाला, वाफ आणा, वरून ओलं खोबरं.’ शेवळांच्या चिठ्ठीवर तर हे लिहायलाच हवं की ती नीट साफ करून काकडं किंवा चिंच घालून शिजवली नाहीत तर घशाला खाजतात. ज्या काकूला हे आजीकडून कळलं आहे तिला गाळ्यावर बसवा. ती दोन वाक्यांत जे सांगेल ते छापील फलकाला जमणार नाही.

इथे दोन पथ्यं कडक हवीत. ज्या भाजीची ओळख गावातल्या जाणत्या बायकांना पक्की आहे तीच बाजारात यावी. अंदाजाने तोडलेलं एकही पान नको. आणि कंद, मुळासकट काही उपटू नका. कोवळा शेंडा खुडा, झाड राहू द्या. मागणी वाढली म्हणून रान ओरबाडलं, तर दोन वर्षांत बाजारही संपेल आणि भाजीही.

बाजार उभा करताना

जागा. जागा ठरवताना कडा, ओढा आणि वळणदार रस्ता यांपासून लांब राहा. गाड्या रस्त्याबाहेर लागतील एवढं पटांगण हवं. शाळेचं मैदान, देवळासमोरची मोकळी जागा किंवा कोणी वापरायला दिलेलं पडीक वावर चालेल. पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून मुरूम टाकून घ्या आणि वर ताडपत्रीचं छत बांधा.

वार आणि वेळ. पुण्यातल्या कितीतरी पेठा वारांच्या नावाने ओळखल्या जातात. बाजाराला वाराची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. कुरवंड्यासाठी रविवार सकाळ सोयीची: आठ ते एक. पाहुणा जाताना बघतो आणि येताना घेतो. दुपारी दीडला सगळं आवरलेलं असावं. एकदा वार ठरला की पाऊस असो की सुतक, बाजार भरलाच पाहिजे. कमी गाळे लागले तरी चालतील. गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने परतलं की तिसऱ्यांदा येत नाही.

गाळे. सुरुवात दहा गाळ्यांनी करा. नियम असा ठेवा की दहांतले आठ गाळे गावातल्या किंवा शेजारच्या वाड्यांतल्या मालाचे, आणि विकणारा स्वतः पिकवणारा किंवा बनवणारा. उरलेले दोन गावाला लागणाऱ्या वस्तूंचे: कांदे-बटाटे, किराणा, भांडी. हे दोन गाळे महत्त्वाचे आहेत. हंगाम सरला, पाहुणे आटले की बाजार जिवंत ठेवतात ते गावकरीच, आणि त्यांना त्यांच्या गरजेचं तिथे मिळायला हवं.

भाव. प्रत्येक गाळ्यावर भाव लिहिलेला हवा, आणि गावकऱ्याला नि पाहुण्याला एकच. गाडी बघून भाव वाढवला की ती गोष्ट पन्नास ठिकाणी सांगितली जाते. ताजव्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का असावा. क्यूआर कोड प्रत्येकाकडे हवा, पण सुटे पैसेही हवेत, कारण डोंगरात नेटवर्क जातं.

कागदपत्रं. ग्रामसभेत बाजाराचा ठराव घ्या. बाजार आणि जत्रेवर फी आकारायचा अधिकार ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती पहिले सहा महिने नाममात्र ठेवा आणि तिचा पैसा त्याच जागेच्या साफसफाईला नि शौचालयाला लावा. खायचे पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीने अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. लहान व्यावसायिकांसाठी ती ऑनलाइन होते आणि शुल्क किरकोळ आहे. महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा कागदी नि कापडी पिशव्या बचत गटानेच शिवून विकाव्यात. हाही एक गाळाच झाला.

समिती. पाच जणांची समिती पुरे, त्यात निदान तीन बायका. बँक खातं दोघांच्या सहीने चालावं. दर रविवारी बाजार उठल्यावर प्रत्येक गाळ्याची विक्री वहीत लिहावी आणि बेरीज सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. पैशाचा हिशेब उघडा असेल तर गावात कुजबुज उरत नाही, आणि गावातले बरेच चांगले उपक्रम कुजबुजीनेच बुडतात.

सरकारी हातभारही घ्या. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि त्याच वर्षी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू केलं. शेतकऱ्यांच्या गटाने अडत्याविना थेट शहरी ग्राहकाला विकावं, हा त्याचा हेतू. बचत गटांसाठी ‘उमेद’ अभियान आहे. त्याच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टकडून पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत गावातल्या दोघी-तिघींना आधी नुसतं बघायला पाठवा. पिशवी कशी बांधतात, फलक कसा लिहितात, गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, हे एका दिवसात डोळ्यांनी शिकता येतं.

रस्त्यालगतच्या गावांनी असा बाजार कायमचा केल्याचं मोठं उदाहरण जपानात आहे. तिथे १९९३ पासून ‘मिचि-नो-एकी’, म्हणजे रस्त्यावरची स्थानकं, उभी राहिली: गाडी लावायला जागा, स्वच्छ शौचालय आणि त्या भागातल्या शेतकऱ्यांचा माल. आज अशी बाराशेच्या वर ठिकाणं आहेत. त्यातलं शौचालय हे नीट लक्षात घ्या. लहान मुलं नि म्हातारी माणसं बरोबर असलेलं कुटुंब शौचालय दिसलं की थांबतं, आणि थांबलं की खरेदी करतं.

उत्सव वर्षातून दोनच, पण आपले

बाजार स्थिरावल्यावर उत्सवाकडे वळा, आधी नव्हे. उत्सवाने एका दिवसात नाव होतं, पण पुढच्या रविवारी परत यायला बाजार नसेल तर ते नाव वाऱ्यावर जातं. दर रविवारच्या बाजाराला नवी माणसं जोडून द्यायचं काम उत्सवाने करावं.

एक उत्सव रानभाजीचा, ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी. दुसरा २ फेब्रुवारीच्या आसपास. त्या तारखेचं कुरवंड्याशी नातं आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगली फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरायला निघाली आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ती दोन्ही बाजूंनी कोंडली. रायबागन ही स्त्री सरदारही त्या फौजेत होती. खानाला सामानसुमान टाकून शरण जावं लागलं. खाली चावणी गावाजवळ त्या लढाईचं स्मारक आहे. कुरवंड्यातून सकाळी निघून जुन्या वाटेने उंबरखिंडीत उतरायचं, वाटेत गावातल्या जाणत्याने इतिहास सांगायचा, घाटमाथ्यावर कुरवंड्याची न्याहारी, खाली चावणीचं जेवण: असा दिवस दोन्ही गावांनी मिळून आखावा. वाटाड्या गावातला, न्याहारी गावातली, तांदूळ गावचा. भाड्याने आणलेल्या वाद्यवृंदापेक्षा पाहुण्याला हेच जास्त आठवेल. ध्वनिक्षेपकाचा कर्कशपणा नको, रात्री दहानंतर तर कायद्यानेच मनाई आहे.

ग्रामदैवताची जत्रा ही देवाची आणि गावाची. तिचं प्रदर्शन करू नका. तिथे आलेल्या माहेरवाशिणींना आणि पाहुण्यांना रविवारच्या बाजाराची आठवण करून दिली, तरी पुरे.

किती गर्दी पेलेल?

हा प्रश्न मावळात हलक्याने घेता येत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जण गेले. दोन्ही रविवार होते, दोन्ही वेळा गर्दी होती.

म्हणून उत्सवाची माणसं मोजून घ्या. पार्किंगमध्ये साठ गाड्या मावत असतील तर साठाव्या गाडीनंतर फलक लावा आणि पुढच्यांना पुढच्या रविवारचं निमंत्रण द्या. घाट उतरायला पंचवीसपेक्षा मोठी तुकडी नको, पुढे आणि मागे एकेक वाटाड्या, आणि नावनोंदणी आदल्या आठवड्यात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने काजव्यांच्या दिवसांत गावातच पाहुणे उतरवून, गावातल्याच स्वयंपाकावर असा उत्सव चालवून दाखवला आहे. उलट, काजव्यांच्या इतर काही ठिकाणी गाड्यांच्या दिव्यांनी आणि पायांनी रान तुडवलं गेलं, आणि वनविभागाला निर्बंध घालावे लागले. काजव्यांनी दिलेला धडा आपल्या रानभाज्यांनाही लागू आहे. पोलीस पाटलांना, लोणावळ्यातल्या पोलिसांना आणि आरोग्य केंद्राला तारीख आधी कळवा. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर उत्सव पुढे ढकला. बाजार मात्र ताडपत्रीखाली भरू द्या.

पहिले आठ रविवार

सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात यादी, ग्रामसभेचा ठराव, समिती, जागेची साफसफाई, आणि खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांची नोंदणी. मग सलग आठ रविवार दहा गाळे लावा. पहिले दोन-तीन रविवार विक्री कमी होईल, वाईट वाटून घेऊ नका. चौथ्या रविवारी वही उघडून बघा: काय संपलं, काय उरलं, गिऱ्हाइकाने काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. उरलेला माल कमी करा, मागितलेला वाढवा. आठव्या रविवारनंतर गाळे पंधरा करायचे की दहाच ठेवायचे हे ठरवा, आणि मगच ऑगस्टच्या किंवा फेब्रुवारीच्या उत्सवाची तारीख धरा.

या घाटमाथ्यावर जमीन विकून पैसा मिळवणं सोपं झालं आहे. पण विकलेली जमीन एकदाच पैसा देते, आणि तिच्यावर पिकलेला तांदूळ दरवर्षी देतो. बाजार भरला, तर मुलगा शेत राखायचं कारण शोधू लागेल आणि सून म्हणेल की पुढच्या पावसात मीही गाळा लावते.

बाजारात दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो. दुकानदार तो पैसा कपाळाला लावतो. पहिल्या रविवारी दहांतल्या कुठल्या गाळ्यावर भवानी होईल ते सांगता येत नाही. कदाचित एक किलो इंद्रायणीची पिशवी असेल, कदाचित टाकळ्याची जुडी. जे असेल ते वहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहून ठेवा. वर्षानंतर ती वही ग्रामसभेत उघडाल, तेव्हा आपल्या गावाने वाटेवरच्या गर्दीतून स्वतःसाठी काय कमावलं ते तिच्या पानापानावर दिसेल.